सिद्ध कुणी करायचं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते या गावातले जुने औषधविक्रेते. कुणी "एखादं टॉनिक द्या" म्हणालं की ते आधी "कशासाठी?" असं विचारत, असं व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी मला सांगितलं. आजचा विषय त्या प्रश्नाच्या जवळचाच आहे. शक्तिवर्धक, रक्तवर्धक, बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवरचं लेबल खोटं असेल, तर सरकार काय करू शकतं, आणि बऱ्याचदा त्याचे हात का बांधलेले असतात?

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कायदा शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. खोट्या लेबलविरुद्धच्या लढाईत दंड किती, कैद किती, याने फारसा फरक पडलेला नाही. फरक पडला तो पुराव्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आहे यामुळे. दावा खोटा आहे हे सरकारने सिद्ध करायचं, की तो खरा आहे हे विकणाऱ्याने? मी तुम्हाला आधी अमेरिकेत आणि मग मुंबईत नेणार आहे, ते हे दाखवण्यासाठी.

सन १९०५. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात डॉ. सॅम्युएल हार्टमन यांच्या कारखान्यात ‘पेरुना’ नावाचं टॉनिक तयार होई. हार्टमन यांचं वैद्यक फार सुटसुटीत होतं. माणसाचे बहुतेक रोग म्हणजे शरीराच्या कुठल्या ना कुठल्या भागाला झालेली सर्दी. पचन बिघडलं तर पोटाची सर्दी, लघवीचा त्रास झाला तर मूत्रपिंडाची सर्दी. आणि साऱ्या सर्द्यांवर औषध एकच, किंमत एक डॉलर. सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात अशा औषधांवर लेखमाला चालवली आणि पेरुना घरच्या घरी कशी करावी याची कृतीच देऊन टाकली. अर्धा पाइंट कडक स्पिरिट, दीड पाइंट पाणी, चवीपुरती कंकोळ, रंगाला जाळलेली साखर. बाटली आणि वेष्टनासकट खर्च पंधरा ते अठरा सेंट. तिच्यात मद्यार्क होता सुमारे २८ टक्के, म्हणजे वाइनच्या दुप्पट. ज्या घरांत दारूचं नाव काढायची सोय नव्हती, त्या घरांतही ही बाटली औषध म्हणून उजळ माथ्याने कपाटात बसत असे.

हे इतकी वर्षं छापून का आलं नाही? कारण औषधवाले हे वर्तमानपत्रांचे सर्वांत मोठे जाहिरातदार होते, आणि त्यांच्या करारांत एक कलम लाल शाईत छापलेलं असे. तुमच्या राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा झाला तर हा करार रद्द, असा त्याचा आशय. साहजिकच असं विधेयक आलं की संपादकच आमदारांकडे धाव घेत. कंपनीला तोंड उघडायची गरजही पडत नसे.

पेरुनाला पहिला चाप बसला तो आरोग्य खात्याकडून नव्हे, करवसुली खात्याकडून. १९०५च्या सप्टेंबरात महसूल आयुक्तांनी बजावलं की या बाटलीत खरोखर औषध म्हणावं असं काही घाला, नाहीतर विकणाऱ्यांनी दारूविक्रीचा परवाना काढावा. त्याच्या महिनाभर आधी, मूळ रहिवाशांच्या राखीव वस्त्यांमध्ये पेरुना विकायला सरकारने बंदी घातली होती. कंपनीने काय केलं? सोनामुखीसारखी रेचकं घातली! आता कायद्याने ते औषध झालं. आणि ज्यांनी सवयीने पेलाभर घेतली, त्यांना त्या रात्री तिचा नवा गुण कळला. पुढे खप घसरला, त्यात या सुधारणेचा वाटा मोठा होता.

३० जून १९०६ रोजी अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषध कायदा झाला. त्यामागे कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांची अनेक वर्षांची खटपट होती. मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन, हेरॉईन, क्लोरोफॉर्म, गांजा अशी काही द्रव्यं औषधात असतील तर त्यांचं प्रमाण लेबलवर छापणं सक्तीचं झालं. दात येणाऱ्या तान्ह्या मुलांना शांत झोप लागावी म्हणून आया जे गोड सरबत देत होत्या, त्यात मॉर्फीन आहे हे त्यांनी पहिल्यांदा वाचलं. हे यश मोठं होतं. पण त्याच कायद्याची एक गंमत पाहा. उत्पादकाने हमीपत्र दाखल केलं की त्याला अनुक्रमांक मिळे, आणि तो अनुक्रमांक घालून ‘अन्न व औषध कायद्याखाली हमी’ असं लेबलवर छापता येई. हमी उत्पादकाची होती, लोकांनी ती सरकारची समजली. भामट्यांना याहून चांगली जाहिरात फुकटात कुठे मिळणार? शेवटी सरकारला ती पद्धत बंद करावी लागली. आज आपल्याकडे ‘आयुष मान्यताप्राप्त’ हे शब्द जसे मिरवले जातात, तसाच हा प्रकार. परवाना क्रमांक हा कारखान्याचा असतो, गुणाचं प्रमाणपत्र नसतो. आपण कुठल्याही कंपनीला वा औषधाला प्रमाणित करत नाही, असं खुद्द आयुष मंत्रालयाला २०२४ मध्ये जाहीर करावं लागलं.

आता खरा पेच. १९०६च्या कायद्याने ‘आत काय आहे’ याबद्दल खोटं बोलायला मनाई केली. पण ‘त्याने काय होतं’ याबद्दलचं खोटं? कॅन्सास सिटीतला एक डॉक्टर कर्करोगावरचं औषध विकत होता. सरकारने खटला भरला. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला: कायद्याचा रोख औषधाची ओळख, शुद्धता, तीव्रता यांवर आहे, रोग बरा होतो की नाही हा मताचा विषय आहे, त्यात हा कायदा शिरत नाही. न्यायमूर्ती ह्यूज यांनी विरोधी मत नोंदवलं, पण ते अल्पमत. म्हणजे बाटलीतल्या पाण्याला पाणी म्हणा, आणि मग त्या पाण्याने कर्करोग जातो असं खुशाल म्हणा.

राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी लगोलग काँग्रेसला दुरुस्ती करायला सांगितलं आणि १९१२ मध्ये शेर्ली दुरुस्ती झाली. गुणाबद्दलचे खोटे दावेही गुन्हा ठरले, पण एका अटीवर. दावा नुसता खोटा असून भागत नव्हतं, तो फसवणुकीच्या हेतूने केलेला असायला हवा होता. तो हेतू सिद्ध करायचा सरकारने. श्रोतेहो, सव्वीस वर्षं अमेरिकन सरकार या एका अटीवर ठेचकाळत राहिलं. ‘बॅनबार’ नावाचं मधुमेहावरचं औषध होतं. एका रानवनस्पतीचा अर्क, बस्स. इन्सुलिन उपलब्ध झाल्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. विक्रेत्याने कोर्टात रोग्यांची आभारपत्रं ठेवली. सरकारी वकिलांनी त्याच रोग्यांचे मृत्यूचे दाखले शेजारी ठेवले. एका बाजूला ‘मला गुण आला’ असं सहीनिशी पत्र, दुसऱ्या बाजूला तीच सही करणारी व्यक्ती मधुमेहाने गेल्याची सरकारी नोंद. तरी ज्यूरीने निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला, कारण त्याचा आपल्या औषधावर विश्वास नव्हता हे सिद्ध झालं नाही. अडाणीपणा हाच बचाव ठरला.

आणि लेबल अगदी खरं असूनही माणूस मरू शकतो, हेही त्याच काळात दिसलं. ‘रॅडिथॉर’ नावाचं रेडियम मिसळलेलं पाणी ताकदीसाठी विकलं जात होतं. त्यात खरंच रेडियम होतं, लेबल शब्दशः खरं. ते वर्षानुवर्षं पिणारे पिट्सबर्गचे उद्योगपती एबेन बायर्स १९३२ मध्ये जबड्याची हाडं झडून वारले.

मग आलं १९३७. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध पातळ स्वरूपात आणलं, मुलांना आवडेल अशा रासबेरीच्या चवीचं. औषध विरघळवायला त्यांच्या रसायनतज्ज्ञाने डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. ते विष आहे. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. कुठल्या प्राण्यावरदेखील तपासलं नाही, आणि कायद्याने तपासायची सक्तीही नव्हती. शंभरावर माणसं गेली, त्यांत चौतीस मुलं. मूत्रपिंडं बंद पडून, दिवसेंदिवस तळमळत.

कंपनीने आधी दुकानदारांना तारा केल्या त्या नुसत्या ‘माल परत पाठवा’ अशा, धोक्याचं अक्षर नव्हतं. सरकारी दट्ट्या बसल्यावर दुसरी तार गेली, जीवाला धोका आहे असं सांगणारी. अन्न व औषध प्रशासनाचे जवळपास सगळे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ बाटल्या शोधायला बाहेर पडले. दुकानांची खतावणी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फिरत्या विक्रेत्यांच्या डायऱ्या, सगळं चाळलं. एका बाईंनी सांगितलं, मी ते औषध नष्ट केलं. निरीक्षकाने चिकाटीने विचारलं, म्हणजे काय केलंत? जाळलंत, पुरलंत? तेव्हा कळलं की त्यांनी बाटली खिडकीतून बोळात फेकली होती. निरीक्षक बोळात गेला. बाटली फुटलेली नव्हती, लेबल शाबूत होतं आणि आत एखाद्याचा जीव जाईल इतकं औषध शिल्लक होतं. डोंगराळ भागात राहायला गेलेल्या एका कुटुंबातल्या तीन वर्षांच्या मुलाला गाठण्यासाठी एका डॉक्टरने आपलं लग्न पुढे ढकललं. २४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट माल असा परत मिळवला गेला.

आणि हा सगळा माल सरकारने कुठल्या अधिकाराने जप्त केला? विषारी औषध विकणं हा गुन्हा नव्हता. लेबलवर ‘एलिक्सिर’ लिहिलं होतं, एलिक्सिर म्हणजे मद्यार्क असलेलं औषध, आणि यात मद्यार्क नव्हता. म्हणून लेबल खोटं, म्हणून जप्ती. तेच ‘द्रावण’ म्हणून विकलं असतं तर सरकारला हात लावता आला नसता. कंपनीला सव्वीस हजार शंभर डॉलर दंड झाला. ज्याने ते मिश्रण बनवलं त्या रसायनतज्ज्ञाने आत्महत्या केली.

त्यानंतर जून १९३८ मध्ये नवा कायदा आला आणि ओझं पहिल्यांदा हललं. नवं औषध सुरक्षित आहे हे बाजारात आणण्याआधी उत्पादकाने दाखवायचं. खोट्या लेबलमागचा हेतू सिद्ध करायची गरज नाही. थॅलिडोमाइड या औषधाने मुलं जन्मजात व्यंग घेऊन आली, त्या धक्क्यानंतर १९६२ मध्ये पुढचं पाऊल पडलं: औषध गुणकारी आहे हेही उत्पादकानेच सिद्ध करायचं. पेरुनापासून इथवर यायला सत्तावन्न वर्षं लागली. पण हे ओझं पुन्हा घरंगळूही शकतं. १९९४ मध्ये अमेरिकेनेच ‘आहारपूरक’ नावाचा वेगळा वर्ग केला आणि त्यांच्यापुरता धोका सिद्ध करायचा भार परत सरकारवर टाकला. ज्या टॉनिकांना १९६२ने दाराबाहेर काढलं, त्यांच्या नातवंडांना १९९४ने खिडकी उघडून दिली.

आता मुंबईत येऊ. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्क असलेला कुठलाही द्रव म्हणजे दारू, अशी व्याख्या होती. मग दवाखान्यातलं टॉनिक, केसाचं लोशन, सगळंच त्यात आलं. मे १९५१ मध्ये बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंपुरती ती बंदी रद्दबातल ठरवली. त्याच महिन्यात मुंबईत एक अपघात झाला. प्रादेशिक परिवहन अधिकारी असलेल्या गृहस्थांच्या जीपने रात्री माणसांना धडक दिली. त्यांच्या तोंडाला वास येत होता. त्यांचं म्हणणं, मी दारू प्यायलो नाही, ‘बी. जी. फॉस’ हे टॉनिक घेतलं होतं. हाच तो पेसिकाका खटला. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण? पोटात गेलेला मद्यार्क औषधातला नव्हता, हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. औषधातला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर नव्हती.

यावर मुंबई सरकारने १९५९ मध्ये कायदा बदलला. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क सापडला, तर तो औषधातून आला हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. जरा थांबून याकडे पाहा. पुराव्याचं ओझं उलटं फिरवायची कायदेशीर युक्ती आपल्या राज्याला साठहून अधिक वर्षांपूर्वीच अवगत होती. ती वापरली गेली ती टॉनिक पिणाऱ्यावर. टॉनिक विकणाऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या बाटलीने जी ताकद येते म्हणतोस, ती सिद्ध कर.

देशपातळीवर मात्र त्या काळात एक हुशारीचा कायदा झाला होता: १९५४चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्यात रोगांची एक यादीच जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, रक्तदाब, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंसुद्धा. यांवर इलाज असल्याची जाहिरात करायचीच नाही. दावा खरा की खोटा, हेतू काय, ही चर्चाच नाही. छापलं की गुन्हा. आणि ‘जाहिरात’ या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं. बॅनबारच्या खटल्यात जे अमेरिकेला जमलं नाही, ते इथे एका परिशिष्टाने साधलं. १९५९ मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात न्यायालयाने यादी वाढवण्याचे सरकारचे अधिकार आणि जप्तीचं कलम तेवढं रद्द केलं, गाभा टिकला.

मग तरीही भिंती आणि पडदे या जाहिरातींनी का भरलेत? एक तर पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सहा महिने, आणि खटले भरणारे हात मोजके. पण मुख्य कारण वेगळं. टॉनिकवाल्यांनी यादीतले शब्द सोडून दिले. ते मधुमेह म्हणत नाहीत, ‘साखरेचं संतुलन’ म्हणतात. उंची म्हणत नाहीत, ‘वाढीला पोषक’ म्हणतात. रोगप्रतिकारशक्ती, स्फूर्ती, रक्तशुद्धी, यांतला एकही शब्द परिशिष्टात नाही. अशा दाव्यांना दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचं सर्वसाधारण कलम लागतं, आणि तिथे ओझं पुन्हा सरकारवर. ‘स्फूर्ती’ आली नाही हे कुठल्या प्रयोगशाळेत तपासणार?

या फटीवर इलाज म्हणून २०१८ मध्ये औषध नियमांत नियम १७० आला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मंजुरी क्रमांक घ्यायचा. म्हणजे आधी दाखवा, मग छापा. उत्पादकांनी विरोध केला. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने नियम वगळला. पुढच्याच महिन्यात इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीविरुद्ध आणलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये खटला निकाली निघाला आणि स्थगितीही उठली. त्याच खटल्यात वर्तमानपत्रांत जाहीर माफीनामे छापून आले, त्यांची चर्चा आपण चवीने केली. नियम गेला, त्याची चर्चा किती जणांनी केली?

ओझं योग्य खांद्यावर टाकलं की काम किती सरळ होतं, याचं उदाहरणही ताजं आहे. जुलाब झालेल्या मुलाला द्यायच्या ओआरएसचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र ठरलेलं आहे. लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, त्याहून जास्त नाही. बाजारात मात्र भरपूर साखरेची पेयं नावात ओआरएस घालून औषधाच्या दुकानांत विकली जात होती. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बारीक अक्षरांत खुलासा छापा आणि विका, अशी मुभा दिली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं याविरुद्ध लढत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली. सूत्र पाळलं नाही तर नाव वापरायचं नाही. मुलाची तब्येत खरंच बिघडली का, हे आता कुणाला सिद्ध करावं लागत नाही.

या सगळ्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. गावोगावचे वैद्य द्राक्षासव, दशमूलारिष्ट पिढ्यान्‌पिढ्या करत आले. त्यांनी चाचण्यांचा खर्च कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर कायद्यातच आहे. ग्रंथोक्त औषध ग्रंथातल्या पाठाप्रमाणे बनवलं आणि ग्रंथातलाच उपयोग सांगितला, तर त्याला वेगळी चाचणी मागितली जात नाही. विकणाऱ्यानेच सिद्ध करायचं म्हटलं, तरी बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या वैद्याला त्याचा त्रास नाही. त्रास होईल तो ग्रंथातली चार नावं घेऊन पाचवंच मिश्रण करणाऱ्याला आणि त्यावर स्वतःच्या मनाने ‘स्मरणशक्ती दुप्पट’ छापणाऱ्याला. आजवर ग्रंथाच्या आडोशाला हाच उभा राहिला आहे.

आणि ओझ्याची ही गोष्ट केवळ पैशांच्या फसवणुकीची नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, १९३७ सालचंच विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळी साखळी उघडी केली. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दाखल झाली. त्या ‘कोल्ड्रिफ’मध्ये हेच विष ४८.६ टक्के निघालं. दोन्ही वेळा बाटलीवर लेबल होतं. लेबलवर लिहिलंय ते आत आहे, हे बाटली बाहेर पडण्याआधी कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते तपासलं गेलं मृत्यूंनंतर, सरकारी खर्चाने.

माझी मागणी म्हणूनच छोटी आहे. लेबलवर गुणाचा कुठलाही दावा छापायचा असेल तर त्याचा आधार, ग्रंथातला पाठ असो वा चाचणीचा अहवाल, उत्पादकाने आधी दाखल करावा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तो जसाच्या तसा सर्वांसमोर ठेवावा. परवाना क्रमांक टाकला की कुणाही ग्राहकाला तो वाचता यावा. ज्याचा आधार दाखल नाही, तो दावा बेकायदा; खरा की खोटा हा वाद नंतर. याला नवं खातं लागत नाही, फारसा पैसा लागत नाही. निरीक्षक मात्र लागतीलच, आणि रिकाम्या जागा भरा ही मागणीही रास्तच आहे. पण विकणाऱ्याने आधी सिद्ध करायचं हे तत्त्व मान्य होत नाही, तोवर निरीक्षक दुप्पट केले तरी ते घटनेनंतरच पोहोचणार. आपल्या आमदारांना ‘सिद्ध कुणी करायचं?’ हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी मागा.